जेकेएल कोणाचा?

माणसाला चांगलं नाव मिळालं की त्याच्यामागे शुक्लकाष्ठ लागलंच म्हणून समजा. वाईट नावाचं एक बरं असतं, ते सांभाळावं लागत नाही. चांगलं नाव मात्र इस्त्रीच्या शर्टासारखं, बसताना जपा, उठताना जपा. शहर बस कार्यालयाच्या वेळापत्रक विभागात बसणाऱ्या आपल्या गृहस्थांना सगळेजण बिनचूकराव म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला आणि हजेरीपटाला माहीत होतं. त्यातली बायको 'अहो' म्हणत असल्यामुळे हजेरीपट एकटाच उरला होता.

शहरातली कोणती बस कुठून कधी सुटणार आणि पुढच्या स्टॉपला कधी पोहोचणार, हे ठरवणं बिनचूकरावांचं काम. टेबलावर कंप्युटर होता, पण त्याला बेरीज करू द्यायची नाही हा त्यांचा बाणा. "टाइप करायला यंत्र आणि हिशेबाला डोकं," असं ते नव्या माणसांना पहिल्याच दिवशी ऐकवत. मिनिटं बोटांच्या पेरांवर मोजायची, ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, मशीनमध्ये ठोकायची आणि प्रिंटचं बटण दाबायचं. टाइप केलेलं पुन्हा वाचून पाहणं त्यांना स्वतःचा अपमान वाटे. आणि खरं सांगायचं तर छापून आलेला कागद खरोखरच चोख असायचा. कित्येक वर्षांत त्यात एका मिनिटाची चूक कोणी दाखवली नव्हती.

म्हणूनच तर साहेबांनी त्यांचं नाव वर पाठवलं होतं. शहराच्या पलीकडच्या टोकाला नवा डेपो उघडणार होता आणि तिथे वेळापत्रक प्रमुख हवा होता. "शिफारशीत मी एकच वाक्य लिहिलंय," साहेब म्हणाले होते, "यांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. बाकी काही लिहायची गरजच वाटली नाही." हे वाक्य बिनचूकरावांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, बायकोने जिन्यात सांगितलं, आणि जिन्यातून ते सगळ्या इमारतीत पोहोचलं. आता ही बढती मिळाली नाही तर बिनचूकरावांना घर बदलावं लागणार होतं.

अशा नाजूक वेळी मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या कंप्युटरवर चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी करावी, प्रत्येकाचा उपयोग लिहावा, आणि खाली सही करावी. अनोळखी प्रोग्राम आढळल्यास संबंधित कर्मचाऱ्याने लेखी खुलासा द्यावा.

परिपत्रकाचं काय करायचं असतं हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. पास विभागातल्या एकाने यादी केली आणि बाकीच्यांनी ती उतरवून काढली. ज्याच्या टेबलावर कंप्युटरच नव्हता त्या स्टोअरकीपरनेसुद्धा तीच यादी सही करून दिली, आणि ती स्वीकारलीही गेली. एकट्या बिनचूकरावांनी बाह्या सरसावल्या, चष्मा पुसला आणि आपल्या मशीनच्या पोटात काय काय चाललंय ते खरोखर उघडून बघितलं. नसती उठाठेव म्हणतात ती हीच.

यादी लांबलचक निघाली. हा छपाईचा, तो घड्याळाचा, हा कीबोर्डचा, असं एकेकाचा पत्ता लावत बिनचूकराव दुपारपर्यंत तळाशी पोहोचले. तिथे एक जण उरला. नाव जेकेएल. ना आडनाव, ना गाव. कंपनी कोणती, तर रिकामं. उपयोग काय, तर रिकामं.

"हा जेकेएल कोण?" बिनचूकराव मोठ्याने म्हणाले.

त्यांच्या टेबलाला पाठ लावून खिडकीवाले बसत. तक्रारींची खिडकी त्यांच्याकडे होती. रस्त्याकडे तोंड, कार्यालयाकडे पाठ, आणि समोर दिवसभर चिडलेली माणसं. बस आली नाही, बस थांबली नाही, कंडक्टर उद्धट बोलला, पाऊस लागला, सगळ्याची दाद त्या एका खिडकीत मागितली जाई. बिनचूकरावांचं आणि त्यांचं फारसं पटत नसे. खिडकीवाल्यांना वेळापत्रकाबद्दल काही आदर नाही, असं बिनचूकरावांचं मत होतं.

"लिहा 'इतर'," खिडकीवाले मान न वळवता म्हणाले.

"इतर? असं कसं लिहीन? मला माहीत नाही हा कोण ते."

"म्हणूनच तर 'इतर' लिहायचं. अहो, एवढी वर्षं तिथे बसलाय बिचारा, कधी तुमच्या अध्यात ना मध्यात. तुम्हाला काय त्रास देतोय?"

"त्रासाचा प्रश्न नाही. खाली सही माझी आहे!" बिनचूकराव बाणेदारपणे म्हणाले, आणि त्यांनी मुख्य कार्यालयाच्या मदत कक्षाला फोन लावला.

मदत कक्षातल्या बाई फार गोड बोलत होत्या. त्या म्हणाल्या, तक्रार जरूर नोंदवून घेऊ, फक्त प्रोग्रामचं नाव आमच्या यादीतून निवडून सांगा. बिनचूकराव म्हणाले, तो तुमच्या यादीत नाहीच, म्हणून तर फोन केला. बाई म्हणाल्या, यादीत नसलेल्या प्रोग्रामची तक्रार घेता येत नाही, कारण यादीत नसलेला प्रोग्राम कोणाच्या मशीनवर असूच शकत नाही. "पण माझ्या मशीनवर आहे!" असं बिनचूकराव ओरडल्यावर बाई तितक्याच गोडपणे म्हणाल्या, "मग तो काढून टाका ना." काढायचा कसा? तर काढण्याचा अर्ज भरून. त्या अर्जावर ज्याने प्रोग्राम बसवला त्याची संमतीची सही लागते. कोणी बसवला हे माहीत नसेल तर? बाईंनी थोडा वेळ विचार केला आणि आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का, असं विचारलं.

सही हवी म्हटल्यावर सही करणारा शोधणं आलं. बिनचूकरावांनी सुबक अक्षरात सूचना लिहून ती पाण्याच्या पिंपाजवळच्या फळ्यावर लावली. 'वेळापत्रक विभागातील मशीनवर जेकेएल नावाचा प्रोग्राम आढळला आहे. ज्याचा असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावा.' दुपारी त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने 'रंग कोणता?' असं विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्याने 'माझी छत्रीपण हरवली आहे' अशी भर घातली. चहाच्या वेळी पास विभागातल्या एकाने जेकेएल म्हणजे 'जाणूनबुजून केलेली लबाडी' असा उलगडा केला, तेव्हा तर सगळे हसले. बिनचूकराव हसले नाहीत. चहा अर्धा टाकून ते जागेवर जाऊन बसले.

घरी बायकोने चेहरा बघून विचारलं, "काय झालं?"

"मशीनमध्ये कोणीतरी शिरलंय."

"मग? बाहेर काढा त्याला."

"सही लागते."

"इश्श! शिरताना त्याने कोणाची सही घेतली होती?"

मुद्दा बिनतोड होता, आणि बायकोचा मुद्दा बिनतोड असला की बिनचूकराव शेजारी जात. शेजारी निवृत्त कंपाउंडर राहत. चाळीसेक वर्षं दवाखान्यात पुड्या बांधून त्यांना शरीरातल्या आणि शरीराबाहेरच्या सगळ्या रोगांवर बोलायचा अधिकार मिळाला होता. त्यांनी रोग्याची नीट विचारपूस केली.

"मशीन तापतं का?"

"थोडंसं."

"भूक? म्हणजे वीज जास्त खातं का?"

"ते कसं कळणार?"

"बरं, हा तुमचा जेकेएल दिवसभर वळवळतो की एखाद्या ठरावीक वेळी? ताप कधी चढतो हे बघावं लागतं. एक दिवस पूर्ण नजर ठेवा. आणि एक लक्षात घ्या, सापडला तरी एकदम मारायचा नाही. वेगळा ठेवायचा. रोग्याला आधी वेगळं ठेवायचं, मग बघायचं काय होतं ते. आमच्या डॉक्टरांचा शिरस्ता होता."

बिनचूकरावांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतही ते उठले नाहीत. मांडीवर उघडा डबा, डाव्या हातात घास आणि डोळे पडद्यावर, अशा अवस्थेत त्यांनी दिवस काढला. साहेब दोनदा बाजूने गेले, दोन्ही वेळा घास शर्टावर सांडला. जेकेएल ढिम्म. यादीत तो नुसता झोपून होता. अखेर कंटाळून त्यांनी हातातलं एका मार्गाचं वेळापत्रक पूर्ण केलं आणि प्रिंटचं बटण दाबलं. आणि जेकेएल जागा झाला! क्षणभर कामात दिसला, आणि कागद बाहेर पडेपर्यंत पुन्हा झोपला. बिनचूकरावांनी दुसरा कागद छापला. पुन्हा तेच. तिसरा छापला. पुन्हा तेच.

मग डोक्यात उजेड पडला. म्हणजे हा पठ्ठ्या नेमका तयार वेळापत्रकाची वाट बघत बसतो, आणि ते कागदावर जायच्या आत त्याला हात लावतो! बिनचूकरावांचं मस्तक फिरलं. ते तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, हेरगिरी आहे. माझी वेळापत्रकं चोरली जाताहेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चोरून काय करणार?"

"शत्रूच्या हाती पडली तर?"

"बिनचूकराव," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आपली वेळापत्रकं शहरातल्या प्रत्येक स्टॉपवर चिकटवलेली असतात. शत्रूला हवी असली तर त्याने स्टॉपवर जाऊन वाचावीत. उलट आपण तेवढ्यासाठीच ती लावतो."

खोलीबाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. बिनचूकराव मान ताठ ठेवून बाहेर आले, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या सगळ्यांनी पाहिल्या. आता प्रश्न जेकेएलचा राहिलाच नव्हता, प्रश्न अब्रूचा होता. मनातल्या मनात त्यांनी शपथ घेतली, की नव्या डेपोत जायच्या आधी या माणसाचा, म्हणजे या प्रोग्रामचा, छडा लावीन तर नावाचा बिनचूकराव.

संधी लगेच चालून आली. नव्या हंगामाची वेळापत्रकं त्याच आठवड्यात निघायची होती, सगळ्या मार्गांची, सगळ्या स्टॉपची. आणि खिडकीवाले दाढ काढायला सुट्टीवर गेले होते, त्यामुळे 'असू दे की हो बिचारा' म्हणणारं पाठीमागे कोणी नव्हतं. बिनचूकरावांनी कंपाउंडरांचा सल्ला तंतोतंत पाळला. त्यांनी मशीनमध्ये एक वेगळा कप्पा तयार केला, त्याला 'कोठडी' असं नाव दिलं, आणि जेकेएलला मानगुटीला धरून तिथे नेऊन टाकलं. नियमात प्रोग्राम काढायला सही लागत होती, हलवायला लागत नव्हती. मग प्रिंटचं बटण दाबलं. कागद भराभर बाहेर पडू लागले. यादीत तळाची जागा रिकामी होती. बिनचूकरावांना इतकं मोकळं मोकळं वाटलं की त्यांनी शिट्टी वाजवली. कार्यालयात त्यांनी शिट्टी वाजवल्याची ही पहिलीच वेळ. कागद त्याच संध्याकाळी स्टॉपवर लागायला रवाना झाले.

सकाळी ते कार्यालयात आले तेव्हा दारातून आत शिरता येईना. तक्रारींच्या खिडकीपुढची रांग कोपऱ्यावरून वळून पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. खिडकीत खिडकीवाले होते. दाढ आदल्या दिवशीच काढलेली, एक गाल टम्म फुगलेला, आणि तोंडात कापसाचा बोळा. त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, नुसतं ऐकावं लागत होतं. आणि लोक ऐकवत होते.

"काय हो, ही बस नऊ पंचावन्नला सुटते आणि नऊ दहाला पोहोचते! म्हणजे मी बसायच्या आधी उतरायचं का?"

"माझ्या स्टॉपवरची तर पावणेआठला निघून सात पाचला दवाखान्यात! अशी बस असती तर आजारीच कशाला पडलो असतो?"

"ह्यांना घड्याळ शिकवा कोणीतरी!"

रांग तोडून एक वयस्क ड्रायव्हर थेट वेळापत्रकाच्या टेबलापाशी आला. टोपी काढून त्याने अदबीने विचारलं, "तुम्हीच ना बनवता हे? तेवढं समजावून सांगा. आधी पोहोचू आणि मग निघू, की निघालो असं समजून इथंच थांबू? मला दोन्ही चालेल. दुसरं केलं तर डिझेलही वाचेल."

बिनचूकरावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी कागद हातात घेतला. नऊ पंचावन्न, नऊ दहा. खरंच होतं. कागद त्यांचा, तक्ता त्यांचा, मांडणी त्यांची. पण चूक? छे! त्यांच्या हातून चूक? आणि मग त्यांना सगळं लख्ख कळलं. जेकेएल! कोठडीत टाकला म्हणून त्याने डाव साधला. जाता जाता दंश करून गेला.

हा तर्क त्यांनी साहेबांना इतक्या तावातावाने ऐकवला की साहेबांनाही तो क्षणभर खरा वाटला. शिवाय साहेबांची पण पंचाईत होती. 'एकही चूक झालेली नाही' असं त्यांनी स्वतःच्या सहीने वर लिहून दिलं होतं. बाहेरच्या कोणीतरी घातपात केला, हे त्यांनाही सोयीचं होतं. बिनचूकरावांनी रीतसर तक्रार लिहिली: माझ्या मशीनमध्ये परवानगीशिवाय प्रोग्राम बसवून माझी वेळापत्रकं बिघडवण्यात आली, दोषी व्यक्तीवर कडक कारवाई व्हावी. घातपात हा शब्द असा आहे की मुख्य कार्यालय लगेच हलतं. अनोळखी प्रोग्रामची तक्रार ज्यांनी घेतली नव्हती, त्यांनी दुपारच्या आत गाडीतून इंजिनीअर पाठवली.

इंजिनीअर म्हणजे खांद्याला पिशवी लावलेली एक चटपटीत बाई. ती कोणाशी जास्त बोलली नाही. बिनचूकरावांच्या खुर्चीत बसली, कोठडी उघडली आणि जेकेएलचं पोट फाडून आत बघू लागली. साहेब बाजूला उभे. पास विभाग झाडून सगळा मागे उभा. खिडकीवाल्यांनाही बोलावून घेतलं होतं. ते गालावर हात ठेवून भिंतीशी टेकले होते. बिनचूकराव सर्वांत पुढे, हात मागे बांधून, निकाल ऐकायला आलेल्या फिर्यादीच्या ऐटीत उभे होते.

"अगदी छोटा आहे," इंजिनीअर म्हणाली. "एकच काम करतो."

"चोरी?" बिनचूकराव म्हणाले.

"नाही."

"नासधूस?"

"नाही हो. प्रिंटला पाठवलेला तक्ता आधी हा वाचतो. एखादी बस निघायच्या आधी पोहोचत असेल, तर पोहोचण्याच्या वेळेत एक तास मिळवतो आणि मग छापायला सोडतो. बास." तिने मशीनमधला मूळ तक्ता उघडला. "हे बघा, तुम्ही टाइप केलेलं. नऊ पंचावन्नमध्ये पंधरा मिनिटं मिळवलीत. मिनिटं दहा झाली ती बरोबर, पण तासाचा हातचा धरायचा राहिला. इथेही तसंच. इथेही." ती आणखी खाली गेली, जुने तक्ते उघडले, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "सगळीकडेच आहे. जिथे जिथे तास बदलतो, तिथे बऱ्याच ठिकाणी राहिलाय."

पास विभागातला तो उलगडा करणारा गृहस्थसुद्धा खाली बघू लागला. बिनचूकरावांनी पडद्याकडे पाहिलं. ओठांतल्या ओठांत पंचावन्न आणि पंधरा मिळवले. पुन्हा मिळवले. पेरं मोजणारा अंगठा करंगळीपाशी थांबला. एवढी वर्षं! एवढी वर्षं आपण मान ताठ करून या कार्यालयात फिरलो, आणि आपल्या प्रत्येक कागदामागे कोणीतरी फडकं घेऊन पुसत फिरत होतं. त्यांना मनापासून वाटलं, की आत्ताच्या आत्ता वीज जावी आणि तो पडदा काळा व्हावा.

"बसवला कोणी?" साहेबांनी कोरड्या आवाजात विचारलं.

भिंतीशी हालचाल झाली. खिडकीवाल्यांनी तोंडातला बोळा काढला, रुमालात गुंडाळला आणि रुमाल खिशात ठेवला.

"मी," ते म्हणाले. "माझा मेव्हणा करतो असली कामं. त्याच्याकडून करून घेतला. नाव काय ठेवू म्हणाला, म्हटलं काहीही ठेव. जी बोटं कीबोर्डवर होती तीच त्याने दाबली, त्याचं जेकेएल झालं."

"मला का नाही सांगितलंत?" बिनचूकरावांचा आवाज चिरकला.

"सांगितलं होतं. पहिल्या वर्षी. एक बस उलटी पोहोचते म्हणून कागद घेऊन आलो होतो तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, ज्याला घड्याळ कळत नाही त्याने वेळापत्रकात नाक खुपसू नये. मग मी नाक काढून घेतलं." त्यांनी गाल चोळला. "तुमच्यावर उपकार म्हणून नाही हो केलं. उगाच गैरसमज नको. तक्ता तुमचा, पण शिव्या खिडकीत मला. माझ्या बापाचा उद्धार रोज सकाळी व्हायचा. घरी जाऊन मी पोरांवर ओरडायचो. बायको म्हणाली, नोकरी तरी सोडा नाहीतर काहीतरी करा. मग हे केलं. त्यानंतर घरात शांतता आहे."

साहेबांनी घसा खाकरला. परवानगीशिवाय मशीनमध्ये प्रोग्राम बसवणं हा गुन्हा होता, मग तो कितीही गुणी असो. निलंबन तर ठरलेलं. ते बिनचूकरावांना थोडं बाजूला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "तुमची तक्रार लेखी आहे. ती तशीच राहू द्या. तुमच्या तक्त्यांना दुसरा कोणीतरी हात लावत होता, एवढं पुरे आहे. मूळ तक्ता कसा होता हे वर कोण बघायला जातंय? शिफारस शाबूत राहील. तुम्ही फक्त हो म्हणा."

फक्त हो म्हणायचं होतं. नवा डेपो, वेळापत्रक प्रमुखाची खोली, जिन्यातला मान, सगळं त्या एका 'हो'च्या पलीकडे उभं होतं. बिनचूकराव तोंड उघडणार, एवढ्यात खिडकीवर धाडधाड आवाज झाला. खिडकीत कोणी नव्हतं आणि रांग तर जागेवरच होती. लोक काचेवर हात आपटत होते. "जरा त्यांना गप्प करून येतो," असं म्हणून बिनचूकराव तिकडे गेले. निदान तेवढाच विचार करायला वेळ.

त्या खुर्चीत ते आजवर कधी बसले नव्हते. खुर्ची बुटकी होती, त्यामुळे बाहेरचा प्रत्येक माणूस उंच दिसे. काच सरकवायचा अवकाश, सगळं तोंडावर आलं. अक्कल काढली गेली, शाळा काढली गेली, मग बाप निघाला. "शांत व्हा, शांत व्हा," असं ते म्हणत राहिले, आणि त्यांचं कोणी ऐकलं नाही. दिवसभर हे? रोज?

मग एक बाई पुढे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत चपलांचा जोड आणि पाण्याची बाटली. त्या ओरडल्या नाहीत.

"माझ्या बहिणीला आज दवाखान्यातून घरी सोडणार होते," त्या म्हणाल्या. "तिला घ्यायला निघाले. कागदावर बस नऊ दहाची लिहिली होती, ते बघून स्टॉपवर उभी राहिले. बस आलीच नाही. ती तिकडे दारात बाकावर बसून राहिली माझी वाट बघत. नर्स फोनवर म्हणाली, तिने दोनदा विचारलं, बहीण येणार ना म्हणून." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मला भांडायचं नाही. फक्त विचारायचंय, चूक कोणाची होती?"

आत सगळे ऐकत होते. यंत्राची, असं म्हणता आलं असतं. घातपात, असं म्हणता आलं असतं. वरून चौकशी चालू आहे, हे तर कार्यालयातल्या कोणालाही झोपेत म्हणता आलं असतं.

"माझी," बिनचूकराव म्हणाले. "पंचावन्नमध्ये पंधरा मिळवताना हातचा धरला नाही. बस दहा दहाला पोहोचते. चूक माझीच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा त्या खिडकीत त्यांना असं उत्तर कधी मिळालं नसावं. "बरं," त्या म्हणाल्या. "दहा दहा ना? ती तर गेली. पुढचीला जाते मग." आणि त्या निघून गेल्या.

बिनचूकराव आत आले. चेहरा पडलेला होता, पण चाल ठाम होती.

"साहेब, तक्रार मागे घेतो. प्रोग्राम माझा आहे."

"म्हणजे?"

"चुका माझ्या, तर त्या दुरुस्त करणाराही माझाच. माझ्या नावावर चढवा. बसवणाऱ्याच्या नावापुढे माझं नाव लिहा. सही मी करतो."

इंजिनीअरने पिशवीतून नोंदणीचा कागद काढला. नियम साधा होता. मालक नसलेला प्रोग्राम अनोळखी, मालकाने सही केली की ओळखीचा. "उपयोग काय लिहू?" तिने विचारलं.

"वेळापत्रकातल्या माझ्या चुका दुरुस्त करणे."

"नुसतं 'चुका दुरुस्त करणे' लिहिते. तेवढं चालतं."

"नको. कोणाच्या ते लिहा," बिनचूकराव म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "आणि ती शिफारस परत मागवा."

"आता काय लिहू त्यात?" साहेब हताशपणे म्हणाले.

"लिहा, यांच्या हातून चुका होतात. त्यावर सोय केलेली आहे. एवढं वाचूनही घ्यायचं असेल तर घेतील."

जेकेएल कोठडीतून सुटला. सगळे तक्ते पुन्हा छापायला लागले. बिनचूकरावांनी बाहेर पडणारा प्रत्येक कागद हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. दोन-तीन वाचून झाल्यावर बाहेर पुन्हा काच वाजली. खिडकीवाले पुढे झाले, खिशातला रुमाल काढला आणि तोंडात कापूस कोंबू लागले.

"तुम्ही राहू द्या," बिनचूकराव म्हणाले. "घरी जा, गालाला शेक घ्या. हे नवे कागद सगळ्या स्टॉपवर लागेपर्यंत खिडकीत मी आहे."

खिडकीवाले कापूस हातात धरून बघतच राहिले. "अहो, लोक फार घाण बोलतात. तुम्हाला सवय नाही."

"ज्याच्या शिव्या त्याने खाव्यात," बिनचूकराव म्हणाले. बुटक्या खुर्चीत बसून त्यांनी काच पूर्ण सरकवली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाले, "बोला."